माटोळीचा उजवा कोपरा

बाजारात आंबाड्यांचा आंबूस वास आला की चवथ जवळ आली हे कळतं, आणि मला आमचं पेडण्याचं घर आठवतं. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीसाठी रानफळं काढायला बाबा दरवर्षी मला डोंगरावर न्यायचे. कांगलांचा लालभडक घोस उजव्या कोपऱ्याला मीच बांधायची, बाबा खालून स्टूल धरायचे.

मला पाळी सुरू झाली त्या वर्षी मात्र कोयता उचलताना ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता तू मोठी झालस. घराकच रव."

संध्याकाळी माटोळी सजली. आई म्हणाली, "तो कोपरो रिकामोच रवलो." बाबा मला विसरले, असंच तेव्हा वाटलं.

पण बाबा होते तोवर तो कोपरा त्यांनी कुणालाच भरू दिला नाही. आणि मलाही कधी बोलावलं नाही.