उलट्या टोकानं वाचलेलं जपान

ऊस बुडख्याकडून खावा, हे मला पाळण्यातच कळलं असावं. साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली मी! तरीही एक अख्खं जपानी पुस्तक मी शेंड्याकडून वाचलं, आणि वर साऱ्या वसाहतीला ते ऐटीत वाचून दाखवलं. अक्षर एक येत नव्हतं, तो भाग वेगळा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल... गळिताचा हंगाम, हवेत मळीचा आंबूस-गोड वास. आप्पा कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. जपानहून आलेल्या कसल्याशा यंत्राच्या खोक्यात, ते खडखडू नये म्हणून, फटीत एक जाडजूड चित्रांचं पुस्तक कोंबलेलं होतं. आप्पांनी ते घरी आणलं. आई म्हणाली, "बंबात घालायला झालं." मी ते छातीशी धरून पळाले.

काय सांगू त्या चित्रांचं! बशीएवढे डोळे, आणि एकेका बुबुळात चांदणं सांडलेलं. धावणारी मुलगी नुसत्या रेघांनी काढलेली — पण त्या रेघांचा वारा माझ्या गालाला लागायचा. एका पानावर तर माणूसच नव्हतं. फक्त पडतं बर्फ. बर्फ मी पाहिलेलं ते रसवंतीतल्या गोणपाटाखालच्या लादीचं. तरी त्या पानावर बोट ठेवलं की बोट गार पडे...

मी लावलेली गोष्ट अशी : शहरातली एकटी मुलगी आगगाडीनं गावी येते, बर्फातल्या थडग्याशी रडते, मग घरात अंथरुणावरची आई उठून बसते, तिचे केस विंचरते, आणि मुलगी लहान लहान होत शेवटी आईच्या मांडीवर झोपते. जपानात असंही होत असेल, म्हटलं, परका मुलूख!

आज माझी नात मोबाईलवर तसलीच चित्रं बघते आणि मला शिकवते, "आजी, पुस्तकात असली की मांगा, हलायला लागली की ॲनिमे. अख्खी दुनिया बघते!" मी मान डोलावते. कार्टीला काय ठाऊक, मी ती चित्रं केव्हाच हलवली होती — चिपाडांच्या ढिगावर, आईचं काजळ कानापर्यंत ओढून. नाक नकटं, वेण्या तेलानं चप्प, आणि नायिका मीच! पोरांना मारामारी हवी, म्हणून एक पैलवान पदरचा घातला. गर्दी अशी, की पैलवानाला उभं राहायला जागा नसे.

त्या गर्दीत शेजारची शकीला रोज पुढे बसायची. आदल्या उन्हाळ्यात तिची अम्मी गेली होती. पैलवानाला ती हसायची नाही. सगळे पांगले की माझी ओढणी धरायची, "परत वाच की गं, ती उठून बसती तिथनं." मीही वाचायची, माझ्या वाचनाचीच ही जादू, अशी माझी खात्री!

एका दुपारी तिच्या घरी गेले. ती उर्दू शाळेत जायची. धडा काढायला तिनं पुस्तक उघडलं ते पाठीमागून. "हे काय गं, शेवटापासनं?" "आमचं हिकडनंच असतंय."

मी तशीच उठले. घरी पळत आले, जपानी पुस्तक त्या बाजूनं उघडलं... आणि सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. मांडीवरचं बाळ वाढलं. आईनं वेणी घातली, आई खोकली, आई अंथरुणाला खिळली. मग ते माणूस नसलेलं पान. मग थडगं, आगगाडी, एकटी मुलगी. कुठल्या दूरदेशीच्या, मला कधीच न दिसणाऱ्या माणसानं, एका अक्षराची मदत न घेता मला हमसून हमसून रडवलं. त्याच्या हाताला काय म्हणावं, ते मला आजही कळत नाही.

पण शकीलाला कोणत्या तोंडानं सांगायचं? संध्याकाळी ती नळावर भेटली. मी एका दमात बोलून टाकलं, "शकिले, आपण उलटं वाचत होतो गं! तुला कसं नाही कळलं?"

तिनं कळशी भरू दिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पयल्याच दिवशी कळलं हुतं. पन माज्या बाजूनं वाचलं की अम्मी मरती, तुज्या बाजूनं वाचलं की उठून बसती. तू आपली तुज्याच बाजूनं वाच."