चाचांनी न भरलेल्या पिशव्या

“खालून वर साहेब, वरून खाली न्हाई!” खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसून, एक बोट हलवत चाचा बजावायचे. माणूसभर खोल खड्ड्याची भिंत सरळ तासली, की मातीचे नमुने आधी तळाच्या थरातून घ्यायचे, मग वरचे. उलटं केलं तर वरची माती ढासळून खालच्या नमुन्यात मिसळते.

मी तेव्हा नांदेडच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवा लागलो होतो. पदवी आली होती, अक्कल यायची होती. चाचा मुखेडचे, पिढीजात विहिरी खोदणारे. आमचे खड्डेही तेच खणायचे.

आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. अशी फुगणारी, आकसणारी माती कोरड्या मुलखात कशी तयार होते, हे मी पुस्तकात घोकलं होतं. चाचा ढेकूळ जिभेला लावायचे. ते चिकटलं की खूश.

“कोकणात बी ह्योच काळा दगड हाय म्हणं. पण तितं पाऊस लई, दगडातला कस धुऊन नेतो. म्हणून माती तांबडी. हितं पाणी कमी. दगड झिजतो, पण त्याचा माल हितंच ऱ्हातो. त्याच मालाची ही चिकणमाती बनून राहिली. बराबर हाय का, साहेब?”

अगदी बरोबर होतं. मी मात्र “साधारण बरोबर आहे,” म्हणालो. पदवीचा मान राखायला नको?

एकदा मुखेडजवळच्या माळावर चाचा लिंबाखाली नमाजाला गेले. ऊन मी म्हणत होतं. मला काम उरकायचं होतं. मी वरून सुरुवात केली आणि भराभर पिशव्या भरून तोंडं बांधली. चाचा आले. त्यांनी तळाशी सांडलेली माती पाहिली.

“फिरून भरू या का? मी भिंत तासून देतो.”

“काही गरज नाही, चाचा.”

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं. “मुरमाला लागून असलेल्या तळाच्या थरात एवढी चिकणमाती? वरची माती मिसळली आहे. पिशव्या कुणी भरल्या?”

“चाचांनी,” मी म्हणालो.

चाचा दारातच उभे होते, पुढच्या खड्ड्याचं विचारायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाले, “हाव. चुकलं असंल माझं.”

त्यांचं काम बंद झालं. गावात बोभाटा झाला, की म्हाताऱ्याला आता माती कळत नाही. विहिरीसाठीही कुणी बोलवेना. मला सगळं कळत होतं. मला लाज वाटत होती, आणि नुसती लाज वाटून घेण्यात मी तीन वर्षं काढली.

शेवटी कबुली द्यायला गेलो, तेव्हा चाचा जाऊन चार महिने झाले होते. चाचींनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, “साहेब, खरं सांगा. पिशव्या त्यांनीच भरल्या हुत्या का? मी लई विचारलं, बोललेच न्हाईत.”

“नाही, चाची. मी भरल्या होत्या.”

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. मग म्हणाल्या, “जाता जाता कोपऱ्यावरच्या हॉटेलात तेवढं सांगून जा. तितलेच लोक त्यांना हसायचे.”

मी हो म्हणालो. हॉटेलात बाकावर चार-पाच जण होते. एकाने सरकून जागा केली. “बसा, साहेब,” म्हणाला.

मी बसलो, चहा प्यालो आणि उठून आलो.