सुमेधाचा चाळीस मिनिटांचा धडा

माझी सून सुमेधा शाळेतला कोणताही नवा धडा आधी माझ्यावर करून पाहते. वीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तिसरी शिकलेली, तीही यवतमाळकडच्या खेड्यात, मराठीत. ती म्हणते, "आई, तुम्हाला समजलं म्हणजे सहावीला समजलंच समजा." याला मान म्हणायचं की आणखी काही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सुमेधा इथल्याच, जबलपूरच्या चेरीताल भागातली. तिचे वडील फॅक्टरीत होते, शिक्षण सगळं हिंदीत झालं. लग्न होऊन ती आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरी आली तेव्हा तिची मराठी म्हणजे वरणात साखर पडावी तशी होती. नंतर माझ्या संगतीनं सुधरली, का माझीच तिच्या संगतीनं बिघडली, कोण जाणे. आता घरात आम्ही काय बोलतो ते आमचं आम्हालाच माहीत नाही. वाक्य मराठीत निघते, हिंदीत पोचते.

नोकरी तिला बरगीकडे धरणाजवळच्या एका गावच्या सरकारी शाळेत लागली. सहावी ते आठवी, चौतीस पोरं. कोणाचे वडील शेतावर, कोणाचे पाण्यावर जाळं टाकायला. सकाळी सातची बस, संध्याकाळी परत. शहरात बदली दोनदा चालून आली, दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. माझा मुलगा श्रीरंग वैतागला, "लोक बदलीसाठी हातापाया पडतात, अन् तू काहून नको म्हणून राहिली?" ती म्हणाली, "शहरातल्या शाळेत सगळं आहे. मी जाऊन काय करू?"

तिच्या शाळेत मात्र काहीच नव्हतं. मग मागल्या वर्षी दिवाळीनंतर एक मोठा टीव्ही आला. बोटानं सरकवला की चित्र सरकते असला. पण आला तो तीन शाळांत मिळून एक. एकेक महिना एकेका शाळेत राहायचा, वरच्या ऑफिसातल्या मॅडम येऊन प्रत्येक ठिकाणी एक धडा पाहणार, आणि ज्या शाळेत त्याचा खरा उपयोग होताना दिसेल त्या शाळेला तो कायमचा. सुमेधाची शाळा शेवटची. आधीच्या दोन शाळांतले मास्तर तरुण, लॅपटॉप बाळगणारे. ही बावन्न वर्षांची, खडू बाळगणारी.

"आई," ती मला म्हणाली, "माझ्या पोरांनी नकाशा पाहिला तो पुस्तकातला, तळहाताएवढा. हा टीव्ही भिंतीवरून उतरला ना, तर पुन्हा त्या भिंतीवर काही चढणार नाही."

मग सुरू झाली तयारी. मॅडमना धडा नुसता दाखवायचा नव्हता, आधी कागदावर लिहून द्यायचा होता, मिनिटामिनिटाचा. सुमेधा ओट्याजवळ कागद घेऊन बसली. विषय घेतला धरणाचा. धरण तर पोरांच्या दारातच.

"पहिली पाच मिनिटं ओळख," ती लिहू लागली. "मग सात मिनिटं व्हिडिओ. मग नकाशा दहा मिनिटं."

"व्हिडिओ कोणाचा?" मी विचारलं.

"माझाच. स्वतः तयार केलेला पाहिजे म्हणतात. आकाशातून काढलेले फोटो जोडायचे, वरून माझा आवाज द्यायचा."

"तू तिथे उभी असणार, मग आवाज डब्यात भरून कशाला न्यायचा?"

"आई, आता असंच असते."

असंच असते म्हटल्यावर मी वाद सोडला. पण मला त्या आकाशातल्या फोटोंचं मोठं नवल. तिनं फोनवर दाखवलं. एवढी नर्मदा, ती बोटाएवढी दिसत होती. बोट फिरवलं की जवळ येई, आणखी फिरवलं की शेतं, आणखी फिरवलं की घरांचे पत्रे. मी म्हटलं आपलं घर दाखव. दाखवलं. गच्चीवर निळं काहीतरी होतं. मी म्हटलं ही माझी वाळत घातलेली चादर आहे. श्रीरंग म्हणाला, "आई, ती पाण्याची टाकी आहे." आमचा त्यावर बराच वाद झाला. मला अजूनही ती चादरच वाटते.

"हे फोटो कधीचे?" मी विचारलं.

"हे मागल्या वर्षीचे. पण जुनेही पाहता येतात. हे बघा, इथून वर्षं मागे सरकतात."

"मग पाणी नव्हतं तेव्हाचंही दिसेल?"

"आई, प्रश्न शेवटी. प्रश्नांना पाच मिनिटं ठेवलीत."

आठ दिवस रोज संध्याकाळी शाळा भरली. विद्यार्थी मी एकटी. ती आवाज भरायची ते माझ्याकडे बघतच, समोर कोणी असलं की तिला बरं बोलता येते म्हणे. "बच्चो, ये हैं हमारी नर्मदा जी," इथून सुरुवात. मध्ये एका जागी ती प्रश्न विचारी, पाणी कशासाठी अडवलं असेल? अन् मी उत्तर देई, शेतीला अन् विजेला. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाचं सगळं जुळलं. मी तीनदा ऐकलं, श्रीरंगनं दोनदा. श्रीरंग म्हणाला, "एकदम रेडिओसारखं झालं. आता आईलाच सहावीच्या परीक्षेला बसवून टाक."

धड्याच्या दिवशी मी म्हटलं, मीही येते. तिनं खूप समजावलं, दीड तास बस, खड्डे, तुमची कंबर. मी म्हटलं, आठ दिवस शिकले, आता निकाल पाहायला नको?

शाळा म्हणजे तीन खोल्या. मला मागच्या भिंतीला टेकून बसवलं, पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या राधाबाईंजवळ. त्याही भांडी सोडून टीव्ही पाहायला आल्या होत्या. समोर चौतीस डोकी, सगळी तेल लावलेली. खिडक्यांना चादरी लावून उजेड अडवला होता. मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील, चेहरा ना गोड ना कडू. सुमेधाचा कागद हातात घेऊन खुर्चीवर बसल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

पहिली पाच मिनिटं छान गेली. मग सुमेधानं व्हिडिओ लावला. "बच्चो, ये हैं हमारी नर्मदा जी," टीव्ही बोलू लागला. पोरं सरसावून बसली. फोटो सरकत होते. "अमरकंटक से चलकर ये जबलपुर की ओर आती हैं, और शहर से पहले यहाँ पर देखो, ही अशी भिंत घातली, अन् पाणी मागे मागे पसरत गेलं. पाहा बरं कुठवर गेलं!"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मला काही कळेना, आतापर्यंत तर बरं चाललं होतं.

"आता सांगा," टीव्ही म्हणाला, "इतकं पाणी काहून अडवलं असेल?"

"शेतीला अन् विजेला," मी मागून मोठ्यानं उत्तर दिलं. आठ दिवसांची सवय, तोंडातून निघून गेलं. चौतीस डोकी गर्रकन मागे वळली. मॅडमही वळल्या.

एक पोरगा ओरडला, "मैडम जी, टीवी बिगड़ गया!"

"बिगड़ा नहीं है रे, दूसरी भाषा लग गई," दुसरा म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदी बोलता बोलता सुमेधा अर्ध्यातून मराठीत शिरली होती, माझ्या तोंडाकडे पाहून बोलत होती ना! आणि आम्ही तिघांनी मिळून पाच वेळा ऐकलं, पण आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नाही. आमच्या घरात ते खटकायचं कोणाला?

सुमेधाचा चेहरा पांढरा पडला. तिनं व्हिडिओ थांबवला. खोलीत हशा. राधाबाई मला कोपर मारून म्हणाल्या, "अम्मा जी, आप तो पास हो गईं." अन् ह्या टीव्हीसाठी पोरीनं आठ दिवस घास नीट खाल्ला नव्हता.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "अब?" एवढंच विचारलं.

सुमेधा म्हणाली, "माफ कीजिए मैडम. घर में हम ऐसे ही बोलते हैं, ध्यान ही नहीं गया." मग ती पोरांकडे वळली. तिनं टीव्हीवर नुसता नकाशा लावला, निळं पाणी, कडेनं हिरवं. म्हणाली, "चलो, टीवी चुप हो गया. अब तुम बताओ. इसमें क्या-क्या दिख रहा है?"

मग अंजनी म्हणून एक मुलगी, दोन वेण्या, आवाज बारीक, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "हमारे आजा का गाँव नहीं दिख रहा."

"कहाँ है गाँव?"

"पानी के अंदर. गर्मी में चबूतरा निकलता है. बाबू वहीं नाव बाँधते हैं."

"आकर दिखाओ."

ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि निळ्यावर एका जागी बोट ठेवलं. लगेच मागून एक पोरगा, "अरे वहाँ नहीं, और इधर!" तिसरा म्हणे, दोघांचंही चूक, तिथे तर खोल पाणी आहे, जाळं तळाला लागत नाही. चार जण उठले. कोणी टापू सांगे, कोणी झाड. सुमेधा म्हणाली, "लड़ो मत. पता करेंगे. कौन से महीने में निकलता है?"

"जेठ में!"

"तो जेठ की फोटो देखनी पड़ेगी. कौन से साल पानी सबसे कम था?"

याचं उत्तर राधाबाईंनी दिलं. त्या साली हातपंपसुद्धा कोरडे पडले होते, त्यांना पक्कं आठवत होतं. सुमेधानं वर्षं मागे सरकवली, उन्हाळा काढला. नेट आमच्या फोनचं, चित्र येता येईना. चौकोन चौकोन होऊन उमटू लागलं. पोरं पुढे सरकली. मीही भिंत सोडून पुढे सरकले होते. निळं आक्रसलं, तपकिरी कडा वर आल्या, आणि अंजनीनं बोट ठेवलं होतं तिथून जरा डावीकडे एक पांढुरका ठिपका निघाला. त्याच्याजवळ काळी बारीक रेघ.

"नाव!" अंजनी किंचाळली. "बाबू की नाव!"

आता ती नाव तिच्याच वडिलांची कशावरून, हे विचारायला कोणाला सुचलं नाही. मी तर माझ्या चादरीवरून काही बोलूच शकत नव्हते. पोरं टीव्हीला चिकटली. त्याच्या मागे कोणतं वर्ष? त्याच्याही मागे? गाव होतं तेव्हाचं दिसते का? जुनं चित्र अगदी पुसट निघालं, शेताच्या रेघासुद्धा धड नाहीत. मग अंजनी म्हणाली, आजाला विचारून मीच काढून आणते, कोणतं घर कुठे होतं ते. तीन जणांनी आपापले म्हातारे देऊ केले.

मॅडम खुर्चीवरून केव्हा उठून पोरांच्या मागे उभ्या राहिल्या ते मी पाहिलंच नाही. चाळीस मिनिटं कधीच संपली होती. त्यांनी सुमेधाला बाजूला घेतलं, बाजू म्हणजे माझ्या अगदी समोर, खोली केवढी ती.

"ये सब आपकी योजना में कहाँ लिखा है?" त्यांनी कागद पुढे धरला.

मला वाटलं आता ही काहीतरी सावरून सांगेल. सुमेधा म्हणाली, "कहीं नहीं लिखा, मैडम. योजना तो सातवें मिनट में ही खतम हो गई थी."

मॅडमनी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर पेन ठेवून म्हणाल्या, "तो अब लिखिए. जैसा हुआ, वैसा. किसने क्या पूछा, आपने कब क्या लगाया. टीवी यहीं रहेगा. पर एक शर्त है. अगले गुरुवार बाकी दोनों स्कूलों के शिक्षक बैठेंगे, आप उनको दिखाएँगी. और वो वीडियो मिटाइएगा मत, साथ लाइएगा. वहीं से शुरू कीजिए, जहाँ बिगड़ा."

सगळ्यांसमोर ते मराठी पुन्हा वाजवायचं! सुमेधाचे कान लाल झाले. पण तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाऊँगी."

मॅडमची गाडी गेली. पोरं घरी जायचं नाव घेईनात. सुमेधा खाली बसून कागदाच्या मागे लिहू लागली, पोरं भोवती सांगू लागली, पहिलं मी विचारलं, नाही मी. आमची बस साडेचारची. चार वाजून गेले होते.

"सुमेधा, चल बाई, बस चुकेल."

"हो आई, निघूच." लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "तुम्ही आठ दिवस प्रश्न विचारून राहिल्या, मी एकदाही नीट उत्तर दिलं नाही. आता सांगा, तुम्हाला काय पाहायचं?"

मी साठ वर्षं या नदीच्या गावात राहिले. नदी येते कुठून ते ठाऊक आहे, तिथे एकदा जाऊनही आले. "समुद्राला भेटते ना," मी म्हटलं, "ती जागा कशी दिसते गं?"

सुमेधानं कागद अंजनीच्या हातात दिला आणि उठून नकाशा धरणापासून खाली, पश्चिमेकडे सरकवायला लागली. चौतीस पोरं अन् राधाबाई माझ्या पुढे येऊन उभी राहिली, मला काही दिसेना. "अरे, अम्मा को आगे आने दो," राधाबाई म्हणाल्या, आणि माझ्यासाठी मॅडमची खुर्ची पुढे ओढली. बाहेर आमच्या बसनं हॉर्न दिला. नर्मदा अजून होशंगाबादलाच पोचली होती.