फूटरमध्ये न उमटलेलं नाव

या सदरातले अनुभव मी आजवर ऑफिसात डबा खाता खाता वाचत आले, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसले. भूतखेत, झपाटणं, अमावस्या... माझा कशावरच विश्वास नव्हता. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी बाई दिसते म्हणून एकदा रीतसर मीटिंग भरली होती. तेव्हा मीच म्हणाले होते, की मग तिच्याकडूनही मेंटेनन्स घ्या. त्या मीटिंगनंतर दोन शेजारणी माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की पुढचं वाचून मला भोळी समजू नका. अंधार नव्हता, वारा नव्हता, कुत्री रडत नव्हती. भर दुपार, ट्यूबलाइट, एसी आणि तीन माणसं. घडलं तेही कॉम्प्युटरवर.

मी कळंबोलीला एका छोट्या फर्ममध्ये नोकरीला होते. लोखंड बाजारातल्या गोदामांमध्ये माल उचलायच्या मोठमोठ्या क्रेन असतात ना, त्यांची दरवर्षी सुरक्षा तपासणी करावी लागते. ती आम्ही करायचो. म्हणजे तपासणारे वेगळे, मी रिपोर्ट काढणारी. रिपोर्टचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं टेम्प्लेट माझ्या ताब्यात. वरती हेडर – फर्मचं नाव, लोगो, गिऱ्हाइकाला हवा असेल तर त्याचाही लोगो. खाली फूटर – तारीख, पान नंबर आणि 'तपासणी :' असं लिहून पुढे तपासणाऱ्याचं नाव. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण सगळा रिपोर्ट एकीकडे आणि ते फूटरमधलं नाव एकीकडे. काही झालं तर पोलीस आधी तेच वाचतात.

आमच्याकडे ते नाव ठाकूरकाकांचं. पळस्प्याच्या अलीकडच्या गावातले, साठीच्या पुढचे, सरकारमान्य तपासनीस. माणूस चांगला, पण तिरसट. चहात साखर कमी पडली तरी भांडायचे. आणि स्वतःच्या नावाची भारी हौस!

"मानसी, नाव जरा जाड कर गो. डोल्यांना दिसत नाय."

"काका, कंपनीच्या नावापेक्षा तुमचं नाव मोठं झालंय आता."

"मंग? वर चढतो मी, का कंपनी चढते?"

बाकी सगळीकडे फूटरमधलं नाव कायमचं टाकून ठेवतात. एकदा टाइप केलं की प्रत्येक रिपोर्टवर आपोआप येतं. काका त्याला तयार नव्हते. त्यांनी मला एक वेगळीच सोय करायला लावली. ते क्रेनवर चढून, वायररोप, ब्रेक, हूक सगळ्याला हात लावून खाली उतरले, की मोबाइलवर त्या क्रेनपुढे टिक करायचे. टिक असेल तरच फूटरमध्ये नाव. नसेल तर जागा कोरी. ती अट टेम्प्लेटमध्ये बसवताना मी वैतागले होते, कारण काका टिक करायला विसरायचे आणि माझे रिपोर्ट अडकून राहायचे.

"काका, मी इथून करू का टिक? तुम्ही जाऊन आलात ते माहितीय मला."

"तू चढलीस का वर? नाय ना? मंग नको. जिथं माजा हात नाय लागला तिथं माजा नाव नाय."

हे ते इतक्या वेळा बोलायचे, की ऑफिसात आम्ही त्यांची नक्कल करायचो. डबा खाताना कुणी दुसऱ्याच्या भाजीत हात घातला की म्हणायचं, जिथं माझा हात लागला तिथं माझं नाव!

काका गेले ते अगदी अचानक. रविवारी घरी जेवले, झोपाळ्यावर पडले आणि उठलेच नाहीत. आम्ही सगळे गेलो होतो. मी चार लोकांत फारशी रडत नाही, पण त्या दिवशी रडले. गावाच्या नाक्यावर त्यांच्या फोटोचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर नाव चांगलं जाड होतं.

दुसऱ्या तपासनीसाची कागदपत्रं सरकारी टेबलावर अडकली होती. दरम्यान एका गोदामाच्या क्रेनची तपासणी ड्यू झाली. आमच्या सरांनी तिथल्या मालकाला फोनवर सांगून टाकलं, "चालू द्या हो, रिपोर्ट पाठवतो." तिथे कुणीही गेलं नाही. पुढे काही आठवड्यांनी त्याच क्रेनचा ब्रेक सुटला, पत्र्याची कॉइल खाली आली आणि एक कामगार जागच्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पांढराफटक. आवाज मात्र शांत... मला ते जास्त लागलं.

"मानसी, त्या क्रेनचा रिपोर्ट काढायचाय. तारीख ठाकूर जायच्या आधीच्या आठवड्यातली टाक. आकडे मागच्या वर्षीचे उचल. खाली त्यांचं नाव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगावर काटा आला तो तिथे, पुढचं सगळं नंतरचं.

"सर, काका गेलेच नव्हते तिथे."

"हो. आणि आता ते नाहीयेत. त्यांना काय फरक पडतो? मला पडतो, तुम्हा सगळ्यांना पडतो. ऑफिस बंद होईल."

माझ्या डोळ्यांपुढे काकू आल्या. त्यांची मुलगी पल्लवी आली, तिचं लग्न तोंडावर होतं. पोलीस दारात येणार, गावात बोभाटा होणार की ठाकूरने न बघता क्रेन पास केली आणि माणूस मेला. ज्या नाक्यावर फ्लेक्स लागला त्याच नाक्यावर लोक काकांना शिव्या घालणार. बिचाऱ्याला उठून 'मी नाय केला' म्हणायची पण सोय नाही.

मी नाही म्हटलं. सर म्हणाले, "ठीक आहे, तू नको करू. सॉफ्टवेअरवाल्या प्रसादला बोलव." मी बोलावलं नाही, त्यांनीच फोन केला. तो कामोठ्याहून दुपारी आला. जेमतेम तिशीचा, हसरा मुलगा. एरवी काम फोनवरच व्हायचं, आमच्या ऑफिसला तो पहिल्यांदाच येत होता. काका कोण, क्रेन कुठली, त्याला काही माहीत नव्हतं. सरांनी एवढंच सांगितलं की फूटरची जुनी अट काढायची आहे आणि एक नाव कायमचं टाकायचंय. मी उठून जाणार होते, पण पाय निघेना. शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले.

प्रसादने दोन मिनिटांत अट काढली. तिथे साधा मजकूर म्हणून काकांचं नाव टाइप केलं. स्क्रीनवर प्रीव्ह्यू आला – हेडर, लोगो, तारीख, आकडे आणि खाली 'तपासणी :' पुढे काकांचं नाव. त्याने प्रिंट दिली.

कागद आला. हेडर ठीक. तारीख ठीक. फूटरमध्ये 'तपासणी :' होतं, 'पान १ पैकी १' होतं. मधे काही नव्हतं.

"अरे? फॉन्टचा लोचा असेल," प्रसाद म्हणाला. त्याने फॉन्ट बदलला. कोरं. अक्षर लहान केलं, चौकट रुंद केली. कोरं. रंग चुकून पांढरा झालाय का बघितलं, काळाच होता. सर म्हणाले प्रिंटर खराब आहे, म्हणून अकाउंट्सच्या प्रिंटरवर दिलं. तिथेही तसंच. शेवटी त्याने पीडीएफ केली. प्रीव्ह्यूत नाव होतं आणि त्याच प्रीव्ह्यूतून काढलेल्या पीडीएफमध्ये नव्हतं. प्रसाद दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून नुसता बघत राहिला.

"थांबा हं, दुसरं नाव टाकून बघतो." त्याने स्वतःचं टाइप केलं. छापून आलं. मग टेबलावरच्या पाटीवर वाचून सरांचं टाइप केलं. तेही आलं, अगदी स्वच्छ. त्या क्रेनचा रिपोर्ट आणि खाली 'तपासणी :' पुढे सरांचं नाव. सरांनी तो कागद प्रिंटरमधून जवळजवळ ओढलाच आणि फाडून तुकडे खिशात घातले. कचऱ्याच्या डब्यात नाही, खिशात.

परत काकांचं टाइप केलं. कोरं.

आता माझ्याच मनात आलं, की नावातच काही गडबड असेल. मी म्हटलं, "प्रसाद, मागच्या वर्षीचा एखादा रिपोर्ट काढ." काकांनी स्वतः चढून टिक केलेल्या एका क्रेनचा जुना रिपोर्ट त्याने उघडला. त्याच टेम्प्लेटमधून, त्याच प्रिंटरवर. काकांचं नाव आलं. जाड अक्षरात, त्यांना आवडायचं तसं.

मी तो कागद हातात घेतला. भीती म्हणावी तर भीती नव्हती. काका केबिनच्या दारात उभे आहेत आणि हट्टाला पेटलेत, असं काहीतरी वाटलं. सर माझ्याकडे बघत नव्हते.

प्रसादने डोकं खाजवलं आणि अगदी सहज विचारलं, "सर, हे ठाकूर साइटवर असतात का? त्यांनाच बोलवा ना, पेनाने सही करतील. विषय संपला."

शेवटी मीच म्हटलं, "ते वारले. महिना होऊन गेला."

प्रसादने तारखेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे. त्याला सगळं कळलं असावं. त्याने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली. "हे मला आधी सांगायचं ना हो," एवढंच म्हणाला आणि निघाला. चहा तसाच राहिला.

सरांनी मग तो कोरा रिपोर्ट समोर ओढला. खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं. हाताने लिहिणार होते. पेनाचं टोक त्या मोकळ्या जागेवर नेलं आणि तिथेच थांबले. किती वेळ, सांगता येणार नाही. त्यांच्या मनगटाची शीर उडत होती. कपाळावर घाम... एसी चालू असताना. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जा तू घरी."

त्यांचा हात कुणी धरला होता, की त्यांनाच लाज वाटली? मी त्यांना कधीच विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी वकिलाला घेऊन ते चौकशीला गेले आणि तपासणी झालीच नव्हती, असं लिहून दिलं. पुढे ऑफिस बंद पडलं, सरांवर आणि गोदाममालकावर केस झाली. ती चालू आहे, म्हणून नावं-गावं बदलली आहेत.

मी आता दुसरीकडे आहे. सॉफ्टवेअर कंपनीने ते टेम्प्लेट नेऊन तपासलं होतं, त्यांना दोष सापडला नाही. प्रसादशी एकदा फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, "मॅडम, मेमरीचा काहीतरी प्रॉब्लेम असणार." मी म्हटलं, "असेल." दोघांनाही ते पटलेलं नव्हतं. प्रीव्ह्यूत दिसणारं नाव कागदावर का येईना, याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. शोधून शोधून थकले.

पण एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

ऑफिस बंद झालं त्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. क्रेन, रिपोर्ट, ती दुपार, सगळं सांगितलं. वाटलं होतं, घाबरतील किंवा हात जोडतील. काकू तांदूळ निवडत होत्या. मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग सुपातला हात थांबला.

"मंग, त्यांच्यावर तं नाय ना आला काय?"

"नाही काकू. काही नाही आलं. नावच नाही आलं."

"नाय येनार," त्या म्हणाल्या. "तो मानूस जिता असताना आयकला नाय कोनाचा, आता काय आयकल." आणि पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं. बाहेर पल्लवीच्या लग्नाच्या मांडवाची माणसं मापं घेत होती.

मी निघाले, चप्पल घालत होते, तेवढ्यात काकूंनी आतून विचारलं,

"मानसी... आनि तो जो क्रेनखाली गावला, त्याचा नाव काय होता गो?"

मी उंबऱ्यात उभी राहिले. ती सगळी दुपार आम्ही तिघं एका नावासाठी कागदावर कागद काढत होतो. पेपरात 'कामगाराचा मृत्यू' एवढंच आलं होतं. ऑफिसात दोन दिवस नुसतं क्रेन, रिपोर्ट, तारीख चाललं होतं, आणि मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

"माहीत नाही काकू," मी म्हटलं.

सूप परत हलायला लागल्याचा आवाज आला आणि मी घरी आले.