नावाड्याला दिलेला हुंकार

काळोख, कृत्रिम गारव्याचा बोचरा स्पर्श, लोण्यात फुललेल्या मक्याचा उग्र गंध. आणि या साऱ्यांतून वाट काढीत माझ्या उजव्या कानाशी आलेला एक अस्फुट ध्वनी : ‘हं’. एवढाच. शेजारच्या कुणाला तो ऐकूही गेला नसेल. मला मात्र गेला. कारण तो माझा होता, निदान माझी तशी समजूत होती. गाझियाबादेतल्या एका नव्या मॉलच्या चित्रपटगृहात, भर दुपारी, तो पडद्यावरच्या एका पांढऱ्या दाढीच्या नावाड्याला दिला गेला. देणारी माझी नात, रेवा. आणि जन्मभर सरकारी कचेरीत आवाज न चढवता नोकरी केलेला मी, त्या काळोखात मत्सराने जळत बसलो.

हुंकार म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी गोष्टी सांगितल्या गेल्या त्यांना सांगायला नको. आम्ही मूळचे माणदेशचे. सुगीत वडील खळ्यावर राखणीला जात, मी त्यांच्या घोंगडीत शिरे, आणि गोष्ट सुरू होई. नियम एकच. सांगणाऱ्याचे वाक्य संपले की ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचे. म्हटले नाही, तर राजपुत्राचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहतो. गोष्ट पुढे सरकत नाही. वडील कठोर होते, पण त्या हुंकारासाठी ते माझ्या तोंडाकडे पाहत थांबत, हे मला आजही दिसते. गोष्ट ही मोटेसारखी असते. जोडीतला एक बैल बसला की पाणी विहिरीतच राहते. आपले बोलणे कुणाच्या तरी होकारावाचून अडते, याहून मोठा मान माणसाला कुठे मिळतो?

नोकरीने मला दिल्लीत आणले आणि निवृत्तीने मुलाच्या गाझियाबादेतल्या सदनिकेत. ते दिवस विलक्षण होते. कालपर्यंत जिथे ऊस डोलत होता तिथे आज मनोरे उभे राहत, आणि उद्याच्या मनोऱ्यांची चित्रे परवाच्या शेतात खांबांवर लटकत. मुलगा नोएडातल्या संगणकाच्या कंपनीत. घरात सगळे नवे होते, फक्त वीज जुन्या स्वभावाची होती. ती संध्याकाळी हटकून जाई. शेजारपाजार करवादे. मी मनातून सुखावे. कारण अंधार पडताच चिमुरडी रेवा हात पसरून भिंत चाचपडत सज्जात येई, “आजोबा, लाइट गेली! चलो, गोष्ट!” म्हणे, आणि माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसे. मी एक वाक्य टाकी. ती ‘हं’ म्हणे. दिल्लीत वाढणाऱ्या मुलीच्या जिभेवरून मराठी शब्द एकेक करून गळत होते. ‘वेस’, ‘पैलतीर’, ‘उंबरठा’ हे शब्द मी त्या अंधारात तिच्या ओंजळीत परत ठेवीत असे.

मग सोसायटीत जनरेटर आला. राजाने घोड्यावर मांड ठोकण्याआधीच खाली यंत्र धडधडे आणि दिवे लागत. उजेडात गोष्ट उघडी पडते. रेवा उठून आत जाई. आणि आत तोवर एक मालिका येऊन बसली होती. आधी उशीएवढ्या जाडीची पुस्तके, मग त्यांवरचे चित्रपट. मालिकेचे नाव इंग्रजी आहे. मी ते उच्चारत नाही. यावरून मुलगा माझी थट्टा करी : “बाबा, एवढं काय लाजता? उखाण्यात घ्या हवं तर.” सून पदराआड हसे. मी हसलो नाही.

कथा अशी की धुक्याची एक नदी आहे, पलीकडे एक अद्भुत नगर आहे, आणि मुलांना तिथवर नेणारा एक वृद्ध नावाडी आहे. तो थोडे बोलतो आणि जे बोलतो ते खरे होते. त्याचे भले मोठे चित्र रेवाने भिंतीवर लावले. नेमके तिथे, जिथे माझी दिनदर्शिका होती. दिनदर्शिका फ्रिजच्या बाजूला गेली. “आजोबा, बघा ना, किती शांत डोळे आहेत त्याचे!” मी पाहिले. डोळे बरे होते. पण म्हातारपण काय त्याचे एकट्याचे होते? थोडे तर मीही बोलत होतो! दाढी मी रोज करतो, एवढाच फरक.

मुलगी मोठी होत गेली, भाग येत गेले, नावाडी भिंतीवरून हलला नाही. अखेरचा भाग आला तेव्हा रेवाची शाळा संपली होती. थोड्याच आठवड्यांत ती शिकायला पुण्याला जायची होती. चित्रपटाला तिच्यासोबत जाणारी मैत्रीण ऐन वेळी तापाने पडली, मुलगा आणि सून कचेरीत अडकलेले, उरलो मी. “चला आजोबा,” ती म्हणाली, “पण एक अट. मध्ये बिल्कुल बोलायचं नाही. हा कोण, तो का, काही नाही.” मी अट मान्य केली. मला चित्रपट पाहायचाच नव्हता. मला प्रतिस्पर्धी पाहायचा होता. आणि ती जाण्यापूर्वी तिच्या कानांत माझी काही जागा उरली आहे का, हेही.

जन्मभर मी इंग्रजीत टिपणे लिहिली, पण ते ओठांत घोळवलेले इंग्रजी मला उमगले नाही. मी पडदा सोडून तिच्याकडे पाहत राहिलो. नावाडी वल्हे थांबवून एक वाक्य बोलला, आणि तिने हुंकार दिला. तो पुन्हा बोलला, तिने पुन्हा दिला. तिला स्वतःला त्याचे भानही नसावे. माझ्या गुडघ्याशी बसून लागलेली ती सवय. आणि तिचे फळ हा परका मनुष्य खात होता! तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली आणि मी, सांगायला संकोच वाटतो, किंचित सुखावलो. तो तिच्यासाठी थांबत नव्हता. तिने ‘हं’ म्हटले काय, न म्हटले काय, त्याची होडी ठरल्या वेगाने पुढे जातच होती. त्याला तिच्या हुंकाराची गरज नव्हती. मला होती.

शेवटी नावाड्याने मुलांना पैलतीरी उतरवले आणि रिकामी होडी वळवून तो एकटाच धुक्यात दिसेनासा झाला. सभोवार हुंदके उठले. रेवा ओंजळीत तोंड लपवून रडत होती. मी खिशातला रुमाल काढून दिला. पैलतीराशी माझाही काही परिचय आता होऊ लागला आहे. माझ्या जाण्याने ही अशी रडेल का, असा एक विचार आला. मत्सर हा तारुण्याचा विकार म्हणतात. ते खरे नाही. तरुणाला दुसरा डाव मिळतो. म्हाताऱ्यापाशी देण्यासारखे थोडे उरलेले असते, म्हणून ते घेणारा हात दुसरीकडे वळला की त्याला अधिक लागते.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसले. सायकलरिक्षा अर्धवट पुलाच्या खांबांमधून, सिमेंटच्या धुळीतून निघाली. मग नाक पुसत तिने विचारले, “कळलं का काही?”

“नाही.”

“काहीच नाही? मग आधी का नाही सांगितलंत?”

“बोलायचे नाही, अशी अट होती.”

ती रडता रडता हसली. “काय यार आजोबा! ठीक आहे, पहिल्यापासून सांगते.” तिने पाठ सरळ केली, घसा साफ केला. “आटपाट नगर होतं. त्याच्या वेशीपाशी धुक्याची नदी होती. नदीच्या काठावर एक म्हातारा नावाडी, होडीत पाय टाकून, उभा होता.”

आणि ती थांबली.

मला वाटले, शब्द अडला. रिक्षा खड्ड्यातून गेली, एक ट्रक भोंगा वाजवीत गेला, तरी ती बोलेना. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. “आजोबा,” ती म्हणाली, “झोपलात का? हुंकार कोण देणार?”

मी लगेच दिला नाही. हे मुद्दाम होते. तो पांढऱ्या दाढीचा मनुष्य एक पाय होडीत, एक पाय काठावर ठेवून धुक्यात ताटकळत होता, आणि जोवर मी तोंड उघडत नव्हतो तोवर त्याला वल्हे मारता येत नव्हते. त्याला मी थोडा वेळ तसाच उभा ठेवला.

मग म्हणालो, “हं.”