तळ्याचा ताप

गुरुदत्त टिपणीस प्रयोगशाळेत मदतनीस होता आणि पनवेल-उरणकडची अकरा तळी हेच त्याचं गणगोत होतं. खांदा कॉलनीतल्या त्याच्या खोलीचं दार त्याच्याशिवाय कोणी उघडत नसे.

शेतात युरिया जास्त पडला आणि ऊन तापलं, की मातीतलं सेलेनियम शिंपणाच्या पाण्यात जास्त उतरतं का, हे प्रयोगशाळेतल्या साहेबांना शोधायचं होतं. ते अंगात फार गेलं की गुरांचे खूर तडकतात. म्हणून दर महिन्याला भर दुपारी तळ्यात थर्मामीटर बुडवायचा, बाटली भरायची, आकडा लिहायचा. नव्वद सालापासून दोन वर्षं गुरुदत्तने हे इमानेइतबारे केलं. अहवालावर त्याचं नाव यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठे छापून येणार होतं.

इमानेइतबारे म्हणजे दहा तळ्यांवर. चिरनेरच्या अलीकडे चंद्रावतीकाकीचं तळं खोल उतारावर होतं आणि याचा गुडघा रडका. काकी ओटीवर पाण्याची बादली आणून ठेवी. "आताच तल्यातनं कारलंय," म्हणे. हा गडी बादलीतच थर्मामीटर बुडवून चहा पीत बसे. शिकलेल्या माणसाच्या या आळसाला काय म्हणावं!

ब्याण्णवच्या मे महिन्यात साहेबांनी आकड्यावर बोट ठेवलं. "बाकी तळी चौतीस अंश, हेच सव्वीस कसं?"

पुढच्या फेरीला गुरुदत्त एक एसटी आधीच पोचला. काकी माठातलं पाणी बादलीत ओतत होती.

"सकाली थंड वेलेला तल्यावरनं भरून ठेवते," ती म्हणाली.

"दोन वर्षं?" त्याचा आवाज चढला. "माझं सगळं काम मातीत गेलं, काकी!"

"तुमी तल्यावर गेलाव का तिथनंच एसटी पकरनार. माझे घरी दुसरा कोन येतो?"

त्याला राग धरवेना. घरी कोणी न येणं काय असतं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

त्याने त्या तळ्याचे सगळे आकडे खोडले आणि कारण लिहिलं, 'नमुना घेणाऱ्याचा हलगर्जीपणा'. साहेबांनी ते तळं वगळलं, आणि अहवालातून गुरुदत्तचं नावही.

महिन्याभराने त्याने रजा टाकून चिरनेरची एसटी धरली. काकी अंगणात होती.

"पानी न्यायला आलाव?"

"नाही. इथलं पाणी आता नकोय त्यांना."

"मंग?"

दोन वर्षांत हे त्याने कधी म्हटलं नव्हतं.

"तुमच्याकडे आलोय, काकी."