तिच्या नंबरवरचं तेल

कुपन दिसलं की मला बसवत नाही. हा माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. शहाद्यात बस स्टँडच्या पुढे नवं मार्ट उघडलं आणि माझ्या मोबाइलवर दर दोन दिवसांनी त्यांचे मेसेज यायला लागले. तेव्हापासून घरात माझं बूड टेकलेलं कोणी पाहिलं नसेल. ‘आज फक्त पाच वाजेपर्यंत’ असं वाचलं की फोडणी अर्धी टाकून मी गॅस बंद करते आणि स्कूटी काढते. नवरा म्हणतो, “तुन्हा पायले भिंगरी शे.” सासूबाई साखरेच्या पाकिटांकडे बघून विचारतात, “इतली साखर खाई कोन?” माझं लक्ष घड्याळाकडे असतं.

मार्टचा नियम असा, की एका ऑफरला एका मोबाइल नंबरवर एकच कुपन. नियम म्हटला की मला चेव येतो. नवऱ्याचा नंबर झाला, सासूबाईंचा झाला, खापर गावात दिलेल्या नणंदेचाही झाला. ती बिचारी तिकडे बाजारात भाजीचा भाव करत उभी असायची आणि मी काउंटरवरून फोन करून म्हणायची, “ओटीपी सांगा लवकर, मांगे रांग शे.” मग उरला आमच्याकडे केर-भांड्यांना येणाऱ्या बाईचा नंबर.

ती पावरा समाजातली, तोरणमाळच्या पायथ्याशी एका पाड्यावरची. नवरा साखर कारखान्यावर कामाला, मुलगी इथल्या शाळेत आठवीला. घरात ते पावरी बोलतात, आमच्याशी ती आमची अहिराणी बोलते. मार्टमध्ये तिला पहिल्यांदा मीच नेलं होतं, तिचं नाव आणि नंबरही मीच नोंदवला. पुढे ती महिन्याचं सामान तिथूनच भरायला लागली. तिच्या खरेदीचे पॉइंट तिच्या नंबरवर साठत आणि ठरावीक पॉइंट झाले की पाच लिटर तेलाचा कॅन फुकट मिळणार होता. हे तिला समजावून सांगणारीही मीच. होळीला गावाकडे जाताना तो कॅन न्यायचा, असं तिने सांगून ठेवलं होतं.

होळीच्या आधी अर्ध्या भावाची साखर आली. ती आमच्या घरी भांडी घासत होती, मी काउंटरवर. फोन करून तिला आकडे विचारले, तिने ओल्या हातांनी फोन धरून एकेक आकडा वाचला. साखर निघाली. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, “या नंबरवर तेलाचं कुपन पण दिसतंय, लावू का?” मागचा माणूस त्याची टोपली माझ्या पाठीला लावत होता. मी म्हणाले, “लावा.”

नंबर कोणाचा हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण फुकट म्हटल्यावर माझी जीभ माझ्या आधी धावते. दुसरा ओटीपी आला, तोही तिने वाचून दाखवला. घरी आले तेव्हा ती दारातच होती. स्कूटीवरचा कॅन तिनेच उचलून ओट्याखाली नेऊन ठेवला. त्या वेळी सांगायला हवं होतं. पण दुधाच्या कुपनाची मुदत सहाला संपत होती, मी पुन्हा बाहेर पडले.

संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू. उद्या आला तर वाटलं, तिने विचारल्यावर सांगू. कॅन तसाच सीलबंद ठेवला होता, म्हणजे माझा हेतू वाईट नाही, असं मी स्वतःलाच बजावत होते. ती केर काढायला ओट्याखाली वाकायची. ती कॅन बाजूला सरकवायची, केर काढायची आणि कॅन परत जागेवर ठेवायची. मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायची आणि उगाचच घडी केलेले कपडे पुन्हा उलगडायची.

चौथ्या दिवशी हात पुसत ती म्हणाली, “ताई, परवा गावले जाई ऱ्हायनू. मन्हं तेलनं कुपन शे ना, त्यानं तेल तेवढं आनी द्या.”

ती माझ्याकडे बघत होती. चांगली वेळ होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि मी काय म्हणावं? “अव, त्यानी तारीख सरी गई. पन तू काळजी नको करू.” वाकून मी तोच कॅन बाहेर ओढला आणि तिच्यापुढे ठेवला. “हाई घे. आमना कडथून, होळीनं.”

तिने कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं व्हयनं ताई,” एवढंच म्हणाली आणि कॅन डोक्यावर घेऊन गेली. सासूबाई मंदिरातून आल्या तेव्हा त्यांना ती गल्लीत भेटली होती. घरात शिरताच त्या मला म्हणाल्या, “चांगलं करं तू.” मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी पोळ्यासुद्धा बसून लाटल्या. तिचंच तेल तिला दान देऊन मी वर कौतुकही घेतलं होतं, आणि मला त्याची लाज वाटली ती फार उशिरा.

होळीहून ती परत आली. कामात तीच, वागण्यात तीच. पुढच्या ऑफरला मी सवयीने नंबर मागितला तर म्हणाली, “नंबर बदली गया ताई. नवा मले पाठ नही.” मी म्हटलं, ठीक. फोन बदलला असेल.

त्यानंतर एका रविवारी मी मार्टमध्ये शिरले तर रांगेत माझ्यापुढे ती आणि तिची मुलगी. काउंटरवरच्या मुलीने नंबर विचारला. तिने दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितले. ते मलाही पाठ होते. जुनाच नंबर.

तिची मुलगी फोन हातात धरून शाळेतल्या स्वच्छ मराठीत काउंटरवाल्या मुलीशी बोलत होती, “मॅडम, होळीच्या आधी आमचं तेलाचं कुपन वापरल्याचा मेसेज आला होता. मी आईला त्याच संध्याकाळी वाचून दाखवला. आता आम्ही ओटीपी कोणालाच सांगत नाही.”

त्याच संध्याकाळी. म्हणजे ती चार दिवस माझ्या ओट्याखालचा आपला कॅन सरकवून केर काढत होती. म्हणजे हात पुसत माझ्यापुढे उभी राहिली आणि कुपन मागितलं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मला एक संधी देत होती, आणि मी तिला तारीख सांगितली.

मला मागे सरकून निघून जायचं होतं. पण हातात टोपली होती आणि मागे माणसं. तेवढ्यात तिने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बोलता आलं असतं. ती नेहमीसारखीच दिसत होती. तिने मुलीचा दंड धरून तिला बाजूला घेतलं, स्वतःचं सामान काउंटरच्या कडेला सारलं आणि माझ्यासाठी जागा केली.

“पहिले तुमनं व्हऊ द्या ताई,” ती म्हणाली. “तुमले घाई ऱ्हास.”

आणि मी पुढे गेले.